बोबडे हात

पावाच्या रांगेत तिचा नंबर चौथा होता, आणि काउंटरवर पावांच्या एका रिकाम्या टोपलीत चक्क एक बाळ बसलेलं होतं.

दहा-अकरा महिन्यांचं असेल. गाल असे फुगलेले, की तेही आत्ताच भट्टीतून बाहेर काढलेत असं वाटावं. उजवा हात पुढे करून ते मूठ उघडत होतं, मिटत होतं... उघडत होतं, मिटत होतं. रांगेतला जो तो कौतुकानं हात हलवून त्याला टाटा करत होता. काउंटरमागचा बेकरीवाला – कोपरापर्यंत पीठ, एका भुवईवर पीठ – तोही पाव बांधता बांधता वळून टाटा करत होता. आणि बाळाचा ओठ मात्र हळूहळू बाहेर यायला लागला होता.

तिला राहवलं नाही.

"ती टाटा करत नाहीये," ती म्हणाली.

"मग?"

"दूध मागतेय."

बेकरीवाल्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा टोपलीकडे. मग मागच्या फळीवरची बाटली काढून बाळापुढे धरली. बाळानं ती अशी खेचून घेतली, की रांगेतले टाटा करणारे सगळे हात एकदम खाली आले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ती सांगतेय ना. मघापासून. सगळ्यांना."

"अरे देवा..." त्यानं पिठाचा हात कपाळावर मारला. आता दोन्ही भुवया पांढऱ्या. "ताईनं जाताना काहीतरी हातवारे करून दाखवले होते खरे. पण मी पहाटेपासून भट्टीपुढे असतो हो, सकाळी आठला मला माणसं दोन-दोन दिसतात. म्हणजे गेले तीन दिवस ही पोर दूध मागतेय आणि मी हिला सांगतोय – जा!"

तो खरोखरच इतका ओशाळला होता, की तिला हसू आलं. हसल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. बऱ्याच दिवसांत तिनं हा आवाज ऐकला नव्हता.

"तुमचं बोलणं आटपलं असेल तर मला दोन मोठे पाव द्या," मागचे आजोबा म्हणाले.

जाता जाता तिनं सांगितलं – शनिवारी दहा वाजता, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. बोलता येण्याआधी बाळांना हातांनी बोलायला शिकवते मी.

"आणि मामांना?"

"मामांना शिकवणं कठीण असतं," ती म्हणाली. "पण बघू."

*

शनिवारी तो आला. बाळाला पोटाशी बांधून, स्वच्छ शर्ट घालून, आणि तरीही कानामागे थोडं पीठ घेऊनच. बाळाचं नाव सगळे बटण म्हणत. बटणची आई आगगाडी चालवायची. तीन-तीन दिवस ती रुळांवर असे, आणि ते दिवस बटण मामाकडे. ताईनं कुठल्याशा पुस्तकातून दोन-चार खुणा शिकवल्या होत्या. पुढचं आता मामाच्या गळ्यात.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक जुना गालिचा होता, तीन उंच खिडक्या होत्या आणि चौदा बाळं. काही आया, एक बाबा, दोन आज्या. सगळे तिला 'बाई' म्हणायचे. वर्गाचे नियम दोनच. पहिला – सुरुवातीचा पाव तास कुणीही तोंड उघडायचं नाही. मोठ्यांनीसुद्धा. जे सांगायचं ते हातांनी. कारण मोठ्यांना तोंड वापरायची मुभा दिली की हात मांडीवर ठेवून ते आपले गप्पा मारत बसतात, असा तिचा अनुभव होता.

दुसरा नियम ती पहिल्या दिवशीच सांगून टाकायची. बाळ तोंडानं दहा शब्द बोलू लागलं, की वर्ग संपला. त्याची जागा खाली यादीत थांबलेल्या बाळाला. दर शनिवारी दारातच ती विचारायची, "तोंडानं किती?" आणि आया आकडा सांगायच्या – शून्य, दोन, सहा. दहा झाले की सगळी खोली हात हवेत हलवून टाळ्यांची खूण करायची, आणि ते बाळ निघून जायचं.

मामाला पहिला नियम फार जड गेला. तो जातिवंत बडबड्या. पाव तासात त्याचा चेहरा असा लाल व्हायचा, की लाल भोपळ्यानं श्वास रोखून धरलाय असं वाटावं! पण दुसऱ्या शनिवारपर्यंत त्याला दहा खुणा आल्या, चौथ्या शनिवारपर्यंत तीस. दूध, पाणी, आणखी, संपलं, गरम, दिवा, कुठे, झोप, दुखतं, मांजर... आणि मग त्याच्या लक्षात आलं, की एवढ्यात बरंच बोलता येतं.

एकदा ती खिडकीशी उभी होती, बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. त्यानं गालिच्याच्या दुसऱ्या टोकावरून खूण केली – *झोप, कुठे?*

ती बुचकळ्यात पडली. मग त्यानं स्वतःच्या डोळ्यांखाली बोट फिरवलं, तिच्याकडे दाखवलं. *झोप – कुठे?*

तिनं दोन्ही तळवे उलटे केले. *संपलं.*

*दूध,* त्यानं सांगितलं. *गरम. आणखी गरम.*

तिनं ओठ घट्ट मिटले. हसणंही नियमाबाहेर होतं.

वर्ग सुटल्यावर तो जिन्यात थांबायचा. बटण त्याच्या खांद्यावर मान टाकून पेंगत असायची.

"आज आमचा हात कसा होता, बाई?"

"बोबडा."

"हात बोबडा असतो?"

"तुमचा आहे. 'मांजर' म्हणताना तुम्ही मिशा अशा ओढता की वाघ वाटतो. बटण बघा कशी नीट काढते."

"तिची बोटं लहान आहेत हो. माझी ही कणीक तिंबून तिंबून सुजलेली."

"सबबी नकोत. सराव करा."

"करतो ना. काल भट्टीपुढे उभा राहून पन्नास वेळा 'आणखी' म्हटलं. आमचा मदतनीस म्हणाला, मालक, आणखी किती भाजायचे?"

असं ते जिना उतरत. एका मजल्याला त्यांना कधी दहा मिनिटं लागत, कधी वीस. खालच्या टेबलावरच्या ग्रंथपाल काकू चष्म्यावरून बघत आणि पुस्तकात पुन्हा तोंड खुपसत. "जिना लांब झालाय वाटतं आमचा," एकदा त्या पुस्तकालाच म्हणाल्या.

अशाच एका शनिवारी तो म्हणाला, "एक विचारू? बोलताना तुम्ही नेहमी खिडकीकडे वळता. आत्तासुद्धा. जिन्यातही. आधी वाटलं, माझ्याकडे बघायचं नसेल."

तिनं पायरीवर पाऊल थांबवलं.

"आईला ऐकू यायचं नाही," ती म्हणाली. "ओठ दिसावेत म्हणून उजेडात उभं राहून बोलायची सवय लागली."

"यायचं नाही म्हणजे..."

"आठ महिने झाले."

बोलघेवडा माणूस, पण गप्प कुठे राहावं हे त्याला कळत होतं. पावाला फुगायला वेळ देणाऱ्या माणसाला ते कळत असावं. त्यानं फक्त बटणला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि तिच्या बाजूचा हात मोकळा केला. धरला नाही. नुसता मोकळा केला.

*

तिचं घर दोन खोल्यांचं. दाराची घंटा वाजत नसे. दाराशी कळ दाबली की स्वयंपाकघरात, ओट्यावरचा एक पिवळा दिवा लागे. आईसाठी केलेली सोय. लोकांना वाटतं, ऐकू न येणाऱ्या माणसाचं घर शांत असतं. छे! आई भांडी अशी आपटायची की शेजारी दचकून उठत. कपाटाची दारं धाडकन लागत, बोलवायचं असलं की आई फरशीवर पाय आपटे, हसली तर मोकळ्या गळ्यानं, हवं तेवढं मोठ्यानं हसे. आणि या सगळ्या दणदणाटाच्या मधोमध मायलेकींचे हात चालत. भांडणं, चहाड्या, वाचलेल्या कादंबऱ्यांची कथानकं, जिन्यावरच्या बायकांच्या नकला.

आता कपाटं हळू लागत. येणारी माणसं दारावर टकटक करत किंवा आधी फोन करत. दिवा आठ महिन्यांत एकदाही लागला नव्हता. वर्गात ती तीस-चाळीस खुणा शिकवी, बाळांपुरत्या. मोठ्यांची भाषा – आईशी बोलायची ती, जिच्यात टोमणा मारता येतो, खोटं बोलता येतं, मनधरणी करता येते – ती तिच्या हातांत तशीच पडून होती. आईच्या दोन मैत्रिणी भेटायला आल्या, तेव्हाही तिनं हात मांडीवर ठेवले आणि नुसती मान हलवली. एकदा हात उचलले तर काय काय बाहेर येईल, याची तिला भीती वाटत होती.

एका रविवारी सकाळी ती ओट्यापाशी उभी होती आणि दिवा लागला.

पिवळा. थरथरता. मग विझला... मग पुन्हा लागला.

ती किती वेळ तशीच बघत राहिली कोण जाणे. दार उघडलं तर तो होता, कागदात गुंडाळलेला ऊन पाव घेऊन, आणि पोटाशी बटण.

"घंटा बिघडलीय तुमची," तो म्हणाला. "पाच वेळा दाबली, वाजतच नाही."

"बिघडलेली नाही," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज नीट होता. "या ना आत."

त्या दिवसापासून रविवारचा पाव तिला दुकानातून आणावा लागला नाही.

*

आणि मग बटण बोलायला लागली.

"तोंडानं किती?"

"चार," तो म्हणाला. पुढच्या शनिवारी, "सहा." त्याच्या पुढच्या, "सात."

मग पुन्हा "सात." मग पुन्हा "सात."

चौथ्या वेळी "सात" म्हणताना तो दाराच्या बिजागरीकडे बघत होता. चोराच्या मनात चांदणं. तिनं आकडा वहीत लिहिला आणि मूग गिळून पुढच्या आईकडे वळली. तिलाही ठाऊक होतं – सात शब्दांवर कुठलंही बाळ महिनाभर थांबत नाही. रविवारी बटण तिच्या स्वयंपाकघरात आली की विचित्र गप्प असायची, मामाच्या तोंडाकडे बघायची. तिला दिसत होतं. पण दहा झाले की शनिवार जाणार, जिना जाणार. आणि रविवारचं काय, ते कुणी कबूल केलेलं नव्हतं. तो पाव शिक्षिकेसाठी होता की तिच्यासाठी, हे तिनं विचारलेलं नव्हतं. न विचारलेलं बरं, असं वाटण्याइतकं ते सुखाचं होतं.

एका गुरुवारी दुपारी ती बेकरीपाशी आली. दुकान बंद होतं, फळी अर्धी सरकवलेली. आतून आवाज आला.

"पाव! मामा, पाव! दे. वर. नको हे. माऊ गेली!"

गोड, ओला, गडगडता आवाज. ती फळीशी तशीच हसत उभी राहिली. आणि मग त्याचा आवाज आला.

"श्श! बटणराव, हे सगळं इथं. शनिवारी नाही हं बोलायचं. शनिवारी तोंडाला कुलूप. बोटानं दाखव बघू कुलूप... शाब्बास!"

ती आत गेली. बटण भट्टीशेजारच्या टोपलीत बसली होती, ओठांवर बोट ठेवून.

"काढा तिचं ते बोट," ती म्हणाली. बटणला नव्हे, त्याला.

तो गोरामोरा झाला. "अहो, गंमत होती... म्हणजे गंमत नाही, पण... दहा झाले असते ना बाई. दहा कधीच होऊन गेले. मग मी कुठल्या तोंडानं..."

"माझी आई शाळेत होती," ती म्हणाली, "तेव्हा तिला हातांवर बसवायचे. मांड्यांखाली हात. खुणा केल्या तर बोलायला शिकणार नाही म्हणून. सहा वर्षांची होती. म्हातारपणीही अनोळखी माणसं समोर आली की तिचे हात आपोआप मांडीखाली जायचे." ती थांबली. "तुम्ही वाईट माणूस नाही, मला माहीत आहे. तिचे शिक्षकही नसतील. पण एका पोरीला जे सांगायचंय ते तिनं लपवायचं, आणि कशासाठी, तर मोठ्यांच्या सोयीसाठी..."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला.

"मला हे माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "सात सात लिहीत होते मी. मलाही कळत होतं. म्हणून तुमच्यापेक्षा माझाच राग येतोय मला."

आणि ती निघाली. त्यानं हाक मारली नाही. त्या संध्याकाळी दिवा लागला नाही, शुक्रवारीही नाही.

*

शनिवारी ती लवकर आली. वाचनालयाच्या खालच्या बाकावर यादीतली पहिली आई बाळाला घेऊन बसली होती. जागा झाली का विचारायला तिसऱ्यांदा आली होती बिचारी. "आज होईल," ती म्हणाली, आणि जिना चढून गेली.

दहा वाजले. खोली गप्प झाली. दार उघडून मामा आला. शर्ट उलटा घातलेला. मागून ताई – आगगाडीवाली, गणवेशातच – आणि तिच्या कडेवर बटण.

आणि मामा मोठ्यानं बोलला.

"एकवीस!"

तेरा बाळं एकदम वळली. एका आजीनं ओठांवर हात नेला.

"एकवीस शब्द आहेत, बाई. चार आठवडे खोटं बोललो. हिला गप्प बसवलं. ताईनं काल रात्रीपासून माझी सालं काढलीत."

"अजून निम्मा सोलायचा राहिलाय," ताई म्हणाली.

"बटण, बोल. काय बोलायचं ते बोल."

बटणनं खोलीभर नजर फिरवली. एवढ्या गप्प माणसांपुढे तिला काय वाटलं कुणास ठाऊक. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "मामा वेडा."

पाव तासाचा नियम त्या दिवशी पार मोडला. आया हसल्या, आज्या हसल्या, दोन बाळं घाबरून रडली. मग सगळ्यांनी हात उंच करून हलवले. चाळीस-पन्नास हात, खिडकीतल्या उजेडात झाडाच्या पानांसारखे. बटणनं स्वतःचेही हलवले. ताई तिला घेऊन खाली गेली, आणि यादीतली आई धापा टाकत वर आली.

मामा दारातून कधी गेला, ते बाईंनी पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवलं होतं.

वर्ग सुटला. बाळं गेली. ती गालिचा झटकत होती, तेव्हा दार पुन्हा वाजलं. तो उभा होता. पोटाशी काही बांधलेलं नाही. दोन्ही हात मोकळे, आणि त्यांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

"बाळ नाहीये आज माझ्याकडे," तो म्हणाला.

"दिसतंय. शर्ट उलटा आहे."

"असू दे. मला एवढं विचारायचंय... मला तीस शब्द येतात. दूध, मांजर, गरम. एवढ्यात मला जे सांगायचंय ते बसत नाही. मी बसवून पाहिलं. गुरुवारपासून दुसरं काही केलं नाही, दोन भट्ट्या करपवल्या." त्यानं श्वास घेतला. "तुम्हाला मी तोंडानं सांगू शकतो. मला तुम्ही आवडता, फार आवडता, हे कुणीही तोंडानं सांगेल. पण तुम्ही आईशी ज्या भाषेत बोलायचात, ती मला शिकवाल? बाळांची नको, मोठ्यांची. वर्षं लागली तरी चालतील. हात बोबडा आहे, ते माहीत आहे तुम्हाला."

खिडकीबाहेर ऊन ढगाआड गेलं, पुन्हा आलं. तिनं गालिचा खाली ठेवला.

आणि तिचे हात उठले.

कित्येक महिन्यांचे आखडलेले. पहिली खूण अडखळली, मग दुसरी आली, मग तिच्या मागोमाग आणखी, सरळ, न थांबता. *घर फार शांत झालंय,* ती म्हणाली. *भांडी आपटायला कुणी नाही. तू येत जा.*

तो टक लावून बघत होता. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं.

"काय म्हणालात?"

तिनं मान हलवली. *पुन्हा,* तिनं खूण केली, आणि सगळं वाक्य परत एकदा, हळूहळू.

मग त्यानं तेच केलं जे त्या खोलीतलं प्रत्येक बाळ करतं. अर्थ न कळता, नुसतं बघून बघून, त्यानं आपले सुजट, पिठानं भेगाळलेले हात उचलले आणि ती सगळी वळणं एकेक करून तिला परत दिली. डावा उजव्याच्या जागी गेला. मधली एक खूण गळाली. जीभ बाहेर काढून तो सगळं पुरं करत होता.

*घर फार शांत झालंय,* त्याचे हात तिला म्हणाले, *भांडी आपटायला... नाही. तू येत जा.*

ती बघत राहिली. कुणाच्या तरी हातांतून ही भाषा तिच्याकडे येत होती.

"येईन," ती म्हणाली.

"काय येईन? कुठे?" तो गोंधळला. "मी काय म्हटलं?"

"शिकाल, तेव्हा कळेल. पुन्हा करून दाखवा. डावा हात वर."

त्यानं डावा हात वर केला. खाली ग्रंथपाल काकूंनी वाचनालयाची खिडक्या-दारं लावायला घेतली होती. एकेक झडप लागत होती. वर दोघांनाही त्याची शुद्ध नव्हती.

"असा?"

"थोडा आणखी वर," ती म्हणाली, आणि त्याचं मनगट धरून हात जागेवर नेला. मग तो हात तिनं सोडला नाही.